नागपूरच्या थंडीत वरच्या मजल्यावरचं घर: आधी भोकं, मग ऊन, हीटर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जून महिन्यात ठाण्याहून बदली होऊन नागपूरला आलात, बेसा भागात चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर घर आहे, बाहत्तर वर्षांच्या आईला दम्याचा त्रास आहे आणि डिसेंबर लागल्यापासून पहाटे त्यांची खोली पंधरा-सोळा अंशांवर येते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मोठा हीटर घ्यावा का, फॉल्स सीलिंग करून घ्यावं का, आणि शेजारी म्हणतात तशा सगळ्या खिडक्या थर्माकोलने पॅक करून टाकाव्यात का? शिवाय थंडीत पाइप फुटतात का, हेही शेवटी ओझरतं विचारलंय.

मी नागपुरात सत्तावीस वर्षं घरं बांधतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक गोष्ट. तुमच्या घराची अडचण गारठा आत शिरतो एवढीच नाही. दिवसभर फुकट मिळालेली ऊब घर रात्री हातची घालवतं, ही खरी अडचण आहे. नागपूरची थंडी शिमल्याची नव्हे. डिसेंबरातही दुपारी बाहेर सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात, लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात, आणि रात्री पारा दहा-बाराच्या आसपास येतो. थंडीची लाट आली तर आणखी खाली. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर उतरला होता. हे आकडे सोनेगाव विमानतळाजवळच्या वेधशाळेचे. सीताबर्डी-महालात दाट वस्तीमुळे रात्र जरा उबदार असते, बेसा-बेलतरोडीकडे मोकळे प्लॉट आणि शेतं असल्यामुळे गारवा थोडा जास्तच लागतो. म्हणजे चोवीस तासांतले पाच-सहा तास बाहेरची हवाच तुमच्या खोलीपेक्षा गरम असते. ती कमाई रात्रीपर्यंत पुरवायची, एवढंच काम आहे.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. घर स्वतःचं की भाड्याचं? आईची खोली कोणत्या दिशेला? भिंती सहा इंची की नऊ इंची? गच्ची सोसायटीची की तुमच्या ताब्यात? पावसाळ्यात स्लॅब पाझरला होता का? मी जमेल तिथे दोन्ही बाजूंनी लिहितो, तुम्ही आपलं घर डोळ्यासमोर ठेवून वाचा.

सुरुवात भोकांपासून. ठाण्याहून आलेल्या माणसाच्या लक्षात न येणारं नागपूरचं सगळ्यात मोठं भोक म्हणजे कूलरची खिडकी. इथे जवळपास प्रत्येक घरात एका खिडकीचं एक पल्लं कायमचं काढून ठेवलेलं असतं, बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, आणि आजूबाजूच्या जागेत प्लायचे तुकडे किंवा कोंबलेली वर्तमानपत्रं. दिवाळी होते, स्वेटर निघतात, कूलर मात्र तिथेच असतो. आता कूलर म्हणजे काय, तर तीन बाजूंनी गवताच्या ताट्या असलेला डबा. हवा आत यावी म्हणूनच तो बनवलेला आहे, आणि जानेवारीच्या पहाटेही तो आपलं काम इमानदारीने करतो. घरात आधीच्या मालकाचा कूलर लटकत असेल तर आजच काढा. टाकीतलं पाणी पूर्ण उपसा (त्यात डेंग्यूचे डास होतात, ते वेगळंच), ताट्या काढून टाका, डबा उन्हात वाळवून ठेवून द्या. खिडकीचं मूळ पल्लं पलंगाखाली किंवा माळ्यावर सापडेल, ते बसवा. नाहीच सापडलं तर बारा मिलिमीटरचं प्लाय त्या मापात कापून आतून थर्माकोलची शीट लावा आणि कडा टेपने बंद करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरं भोक दिसत नाही, कारण ते फटीफटींत वाटलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या पल्ल्यांना कडेने केसाळ ब्रशपट्टी असते. आठ-दहा वर्षांत ती झिजून गळून जाते. पाच बाय चार फुटांची खिडकी धरा. चारही कडा आणि मधला जोड मिळून बावीस फूट लांबी होते. तिथे फक्त दोन मिलिमीटर फट असली तरी सगळी मिळून साडेचार इंच लांब-रुंद चौकोनी भोकाएवढी होते. अशा तीन खिडक्या उत्तरेच्या भिंतीला असल्या, तर थंडीचा वारा इथे बहुतेक उत्तरेकडूनच येत असल्यामुळे आईच्या उशाशी काय होत असेल ते कळेल. पट्टी नवीन घालायला अ‍ॅल्युमिनियमवाल्याला फार वेळ लागत नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉनने भरा. दाराखाली जुनी साडी गुंडाळून ठेवली तरी चालते, आम्हीही तेच करतो. एसीच्या पाइपाचं भोक आणि एक्झॉस्ट फॅनची अडकून उघडी राहिलेली झडप, एवढं पाहिलं की झालं.

फटी शोधायच्या तर पहाटे पाचला, पंखा बंद ठेवून, अगरबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकेल तिथे पेन्सिलने खूण करा. दम्यामुळे ते करताना आईंना दुसऱ्या खोलीत बसवा.

आता शेजाऱ्यांचा सल्ला, सगळं पॅक करण्याचा. इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी माझ्या आईच्या खोलीचे दोन्ही व्हेंटिलेटर थर्माकोलने घट्ट बंद केले, खिडक्यांच्या फटी भरल्या, आणि मोठं काम केल्यासारखा झोपायला गेलो. आईला जुनी सवय. तिने रात्री घमेल्यात निखारे घेऊन पलंगाजवळ ठेवले. पहाटे ती उठली तेव्हा डोकं गरगरत होतं, उलटी झाली. दार थोडं किलकिलं राहिलं होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूही देत नाही. गावाकडच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात शेगडी चालून जायची, कारण कवेलूंच्या फटींतून घर स्वतःच श्वास घेत होतं. स्लॅबच्या बंद खोलीत तीच शेगडी जीव घेते. त्यामुळे पहिला नियम हा: घराच्या आत कोळसा, लाकूड, शेगडी काहीही नाही. फटी बंद केलेल्या घरात तर अजिबात नाही.

हाच नियम बाथरूममधल्या गॅस गिझरला लागू आहे. तुमच्याकडे गॅस गिझर आत बसवलेला असेल तर तो बाहेर, मोकळ्या गॅलरीत काढून घ्या आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. तोवर बाथरूमच्या लुव्हर काचा उघड्याच ठेवा आणि गिझर चालू असताना आत आंघोळ करू नका, बादली भरून घ्या, बंद करा, मग आत जा. दरवर्षी हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे ही बातमी असतेच.

तेव्हा फटी भरा, पण हवेसाठी एक वाट मुद्दाम ठेवा. मी साधारण असं करतो: उत्तरेकडचे व्हेंटिलेटर बंद, दक्षिणेकडचा किंवा आतल्या पॅसेजकडे उघडणारा एक अर्धा उघडा. स्वयंपाकघराचे व्हेंटिलेटर कधीच बंद करत नाही. दम्याच्या माणसाला कोंदट हवा थंडीइतकीच वाईट. शिवाय कपडे खोलीतच वाळत घातले आणि सगळं बंद ठेवलं तर उत्तरेच्या कोपऱ्यात बुरशी धरते, एरवी नागपूरची हिवाळी हवा कोरडी असूनही.

आता ऊन. हा माझा आवडता भाग, कारण याला पैसे लागत नाहीत आणि तरी कोणी करत नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अंशांवर आहे. मेच्या शेवटी शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर चढतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन जवळपास येतच नाही आणि हिवाळ्यात खिडकीचा वरचा काठ सात फुटांवर असेल तर ऊन सात फूट आत जमिनीवर येतं. मधे छज्जा असेल तर थोडं कमी. पाच बाय चारच्या स्वच्छ काचेच्या दक्षिण खिडकीतून भर दुपारी सात-आठशे वॅटची ऊब आत येते. छोट्या हीटरएवढी, आणि मीटर फिरत नाही.

पण आपण करतो काय? एप्रिलमध्ये बाल्कनीला बांधलेली हिरवी नेट डिसेंबरातही तशीच असते. काचेला काळी फिल्म. त्यावर जाड पडदा, तोही सकाळपासून ओढलेला. दक्षिणेकडची नेट काढा, घडी करून ठेवा, होळीनंतर पुन्हा बांधा. फिल्मचा निर्णय जरा विचाराने घ्या. पश्चिमेच्या खिडकीवरची राहू द्या, मेमध्ये तीच वाचवते.

आणि वेळापत्रक उलटं करा. नागपूरकर उन्हाळ्यात दिवसा घर बंद ठेवतो आणि रात्री उघडतो. हिवाळ्यात नेमकं उलट करायचं, पण हात जुन्या सवयीनेच चालतात, त्यात सकाळी उठल्याबरोबर सगळ्या खिडक्या उघडून घर हवेशीर करायची आपली शिकवण. सकाळी सातला बाहेर बारा अंश असतात हो, तेव्हा कशाला उघडता? साडेदहा-अकराला उघडा, झाडून पुसून घ्या, दुलया-गाद्या उन्हात टाका, आणि चार-साडेचारला सगळं बंद करून पडदे ओढा. साडेपाचनंतर सूर्य मावळला की तासाभरात बाहेरची हवा भराभर उतरते. बरेच लोक संध्याकाळी सातला ‘गार वाटायला लागलं’ म्हणून खिडकी लावतात, तोवर दिवसाची कमाई गेलेली असते.

पडदे जाड आणि जमिनीपर्यंत हवेत. जुन्या सुती साड्यांचे दोन थर शिवून मागे लावले तरी भागतं. फरशीवर आईच्या पलंगाजवळ सतरंजी घाला. व्हिट्रिफाइड टाइल आणि सतरंजी यांचं तापमान सारखंच असतं, पण टाइल पायातली ऊब झटकन ओढून घेते. आणि मच्छरदाणी लावा, डास नसले तरी. आतली हवा स्थिर राहते, अंगावर झुळूक येत नाही. डासांसाठी जानेवारीतही पंखा लावून वर दोन ब्लँकेटं घेणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी तर हाच उपाय.

आता स्लॅब. वरच्या मजल्याचं खरं दुखणं हेच आहे, आणि तुमच्या फॉल्स सीलिंगच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. रात्री उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट सकाळी दवाने ओली असते आणि टिनाखाली लावलेली कोरडी, हे तुम्ही पाहिलं असेल. निरभ्र रात्री आकाशाकडे उघडी असलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. तुमचा स्लॅब म्हणजे हजार-बाराशे चौरस फुटांची तशी सीट आहे. खालच्या मजल्यावर शेजाऱ्याला हा त्रास का नाही, ते यावरून कळेल. त्यांच्या डोक्यावर तुम्ही आहात.

याच स्लॅबवरून हीटरचाही हिशेब लागतो. बारा बाय बाराच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब साधारण चार टन वजनाचा असतो. तो एक अंशाने तापवायला जवळजवळ एक युनिट वीज लागते. खोलीतली हवा दहा अंशांनी तापवायला मात्र युनिटचा सातवा हिस्सा पुरतो. म्हणून हीटर लावला की दहा मिनिटांत बरं वाटतं आणि बंद केला की पंधरा मिनिटांत पुन्हा गार. हवा तापलेली असते, भिंती आणि स्लॅब नाही, आणि ते आपली थंडी तुमच्या अंगावर टाकत राहतात. मोठा हीटर घेऊन हे सुटत नाही.

स्लॅबला उपाय दोन. वरून इन्सुलेशन किंवा खालून. घर तुमचं आणि गच्ची ताब्यात असेल तर मी वरूनच सांगेन: आधी वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, त्यावर दोन इंच जाडीच्या कडक फोमच्या शीट, त्यावर जाळी टाकून कोबा आणि चायना मोझेक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). स्लॅबचं चार टनांचं वजन मग घराच्या आतल्या बाजूला येतं, दिवसाची ऊब धरून ठेवतं, आणि मेमध्ये रात्री अकरा वाजता आग ओकत नाही. खर्च मोठा आहे, हे खरं. फक्त हिवाळ्यासाठी मी कोणालाही तो करायला सांगणार नाही. नागपूरची कडक थंडी सहा-आठ आठवड्यांची, उन्हाळा मात्र मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत. जे काम मेमध्ये उपयोगी पडत नाही त्यावर इथे मोठा पैसा घालू नये, असं माझं मत आहे.

फॉल्स सीलिंग हा दुसरा पर्याय. नुसतं जिप्सम बोर्ड लावलं तर फरक थोडाच पडतो. बोर्डाच्या वर दोन इंच ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या धाग्यांची लोकरीसारखी गादी) अंथरलं तर चांगला पडतो. सुतार किंवा पीओपीवाला हे आपणहून सांगत नाही, तुम्हाला लिहून घ्यावं लागेल. तीन अडचणी लक्षात ठेवा. पंख्याचा दांडा लांबवावा लागतो, खोलीची उंची साडेनऊ फुटांपेक्षा कमी असेल तर कोंदट वाटतं, आणि स्लॅब पाझरत असेल तर ओल वर लपून बसते आणि दोन पावसाळ्यांनी बोर्डासकट खाली येते. पाझर असेल तर आधी तो काढा. ओली भिंत आणि ओला स्लॅब तसेही कोरड्यापेक्षा जास्त गार असतात. आईच्या एकाच खोलीत करायचं असेल तर फॉल्स सीलिंग हा वाजवी मार्ग आहे. भाड्याचं घर असेल तर दोन्ही विसरा आणि आईची खोली बदला. दक्षिणेची किंवा मधली खोली त्यांना द्या, उत्तरेची तुम्ही घ्या. दोन तासांत होतं आणि मी पाहिलेल्या कित्येक घरांत याच्याइतका फरक कशानेच पडला नाही.

गच्चीवर पांढरा रंग मारावा का, असं कोणी तुम्हाला सांगेलच. उन्हाळ्यासाठी उत्तम. हिवाळ्यात दिवसाचं ऊन परत पाठवत असल्यामुळे स्लॅब थोडा गारच राहतो. तरीही मी तो मारायला सांगतो, मेकडे पाहून.

एवढं करूनही लाटेच्या आठवड्यात आईंसाठी हीटर लागेल, आणि तो वापरायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलं आहे. वयस्कर आणि आजारी माणसांसाठी त्याहून थोडं जास्त. म्हणजे तुम्हाला दोन-तीन अंशांची भर हवी आहे, दहाची नव्हे. तेलाचा रेडिएटर घ्या, लाल सळीवाला किंवा हॅलोजन नको. ते दोन्ही पडदा-पांघरुणाजवळ धोक्याचे, आणि पंख्याच्या हीटरचा धुळकट झोत दम्याला सोसत नाही. झोपण्याआधी दीड तास आणि पहाटे तासभर, थर्मोस्टॅटवर. दोन हजार वॅटचा हीटर असा रोज अडीच तास चालला तर पाच युनिट, महिन्याला दीडशे. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की दर चढतो, ते धरून हिशेब करा.

आणि वायरिंग पाहा. दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. साधा सहा अँपिअरचा प्लग आणि टीव्हीमागचं एक्स्टेंशन बोर्ड याला चालत नाही, वितळतं. सोळा अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र वायर, अर्थिंग, आणि मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. गिझरलाही हेच. बादलीत सोडायचा रॉड घरात असेल तर तो देऊन टाका, भंगारातच द्या, कोणाला वापरायला नको.

राहता राहिला पाइप फुटण्याचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी ओझरता विचारलाय. नाही, नागपुरात पाइप गोठून फुटत नाहीत, ते बर्फाच्या देशांतले व्हिडिओ सोडून द्या. मात्र गच्चीवर पाणी तापवायचा सोलर असेल तर टाकीपासून तुमच्या बाथरूमपर्यंतच्या गरम पाण्याच्या पाइपावर काळी फोमची नळी चढवा. नाही तर पहाटे अर्धी बादली गार पाणी सांडावं लागतं. नळी उन्हाने दोन-तीन वर्षांत चिरते, म्हणून वरून पांढरा टेप गुंडाळा. सोलरच्या काचेच्या नळ्याही दिवाळीनंतर एकदा पुसून घ्या. पावसाळ्याचा मळ आणि बाजूच्या प्लॉटवरच्या बांधकामाची धूळ त्यांवर बसलेली असते, आणि बेसा भागात बांधकाम चालू नाही असा प्लॉट मला तरी माहीत नाही.

एक साधा थर्मामीटर आईच्या उशाशी लावा. आठवडाभर पहाटे सहाचा आकडा लिहा, मग कूलरची खिडकी आणि ब्रशपट्ट्यांचं काम करून पुढचा आठवडा लिहा. खोलीची दिशा आणि गच्चीची परिस्थिती कळवलीत तर फॉल्स सीलिंगचं हो-नाही तेव्हा नेमकं सांगता येईल.